मदत हवी आहे: मॉडेल वाकवताना त्रिकोण उलटे होताहेत

नमस्कार मंडळी. एमटेकच्या प्रोजेक्टसाठी ईटीएच झुरिकच्या प्रा. ओल्गा सोर्किन-हॉर्नुंग यांचं काम वाचतेय. तेल अवीव, बर्लिन, न्यूयॉर्क, २०११ पासून झुरिक. गावं बदलली तरी बाईंनी विषय सोडला नाही: त्रिमितीय आकार (संगणकात तो म्हणजे त्रिकोणांची जाळी) न बिघडवता वाकवायचा कसा. मार्क अलेक्सा यांच्याबरोबरची २००७ ची पद्धत मी कोडमध्ये उतरवली. आधी प्रत्येक बिंदूभोवतीचा भाग किती फिरला ते काढायचं, मग सगळ्या बिंदूंच्या जागा एकदम, आणि हेच पुन्हा पुन्हा. वाचायला किती सोपं!

मॉडेलचा हात छान वाकतो, पण काखेतले लांबुळके त्रिकोण उलटतात. तिथे एकाच कडेसमोरच्या दोन कोनांची बेरीज १८० अंशांच्या वर जाते, म्हणून कोटँजंटची वजनं (कुठल्या कडेला किती महत्त्व द्यायचं ते या कोनांवरून ठरवणारे आकडे) ऋण येतात. ती सरळ शून्य करू, की आधी जाळीच नव्याने बांधू? कोणी केलंय का?