चूक जिथे टिकून राहते: छंदांचे चर्चामंच अजून का हवेत?

काचकाम (धागाकर्ता)

दुर्बिणीचा आरसा हाताने घासून तयार करणं हा माझा बारा वर्षांपासूनचा छंद. गेल्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने विचारलं, "सगळे इथेच आहेत, मग तू त्या जुन्या मंचावर अजून कशाला जातोस?" तिथे दोन ओळी खरडल्या, पण माझंच समाधान झालं नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. सोशल मीडियावर तयार झालेली वस्तू बघायला मिळते. मंचावर तीच वस्तू बिघडताना आणि पुन्हा ताळ्यावर येताना बघायला मिळते. शिकणाऱ्याला ही दुसरी गोष्ट लागते.

माझ्या दुसऱ्या आरशाचं सांगतो. व्यास १५० मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी. एवढ्या आरशाचा मधला खोलगटपणा जेमतेम १.२ मिमी असतो. घासणं व्यवस्थित झालं, पॉलिशला बसलो (पिच, म्हणजे डांबरासारखा चिकट पदार्थ, थाळीवर ओतून 'लॅप' करायचा आणि त्यावर आरसा घासायचा) आणि रोंकी चाचणीत घोटाळा दिसला. (बारीक समांतर रेघांच्या जाळीतून आरशाकडे बघायचं, रेघा कशा वाकतात त्यावरून पृष्ठभाग कुठे चढलाय, कुठे उतरलाय ते कळतं, ती ही चाचणी.) मधल्या रेघा ठीक, पण कडेला पोचल्या की गळासारख्या वळत होत्या. फोटो काढून मंचावर टाकला आणि विचारलं, कड पडली का, म्हणजे कडेचा भाग जास्त घासला जाऊन खाली उतरला का?

पहिल्या प्रतिसादात उत्तर नव्हतंच, उलटा प्रश्न होता: "पिच कधी ओतलंस? नखाने दाबून बघ, खूण किती लवकर उमटते?" दुसऱ्याने विचारलं, स्ट्रोक, म्हणजे आरशाची पुढे-मागे फेरी, किती लांब घेतोस. तिसऱ्याने बजावलं की हाताच्या उबेने काच फुगते, तेव्हा पॉलिश थांबवल्यावर तासभर जाऊ दे, मगच चाचणी कर. असं तीन आठवडे चाललं. शेवटी निघालं ते असं: खोली तापत होती, पिच मऊ पडलं होतं आणि माझे स्ट्रोक लांब जात होते. कडक पिचचा नवा लॅप ओतला, स्ट्रोक व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणला, दर बैठकीआधी आरसा लॅपवर वजनाखाली ठेवून नीट बसू दिला. कड हळूहळू सुधारली.

त्या धाग्यात माझे सात फोटो आहेत, त्यातले पाच बिघडलेल्या आरशाचे. दोन वर्षांनी एका अनोळखी माणसाने तिथे लिहिलं, "तुमचा चौथा फोटो आणि माझा आरसा सारखेच आहेत. कळलं काय करायचं ते." त्याला मला विचारावंही लागलं नाही. त्याच आरशाचा चकचकीत फोटो सोशल मीडियावर टाकला तेव्हा भरपूर लाइक आले आणि मला आनंदही झाला. पण त्या फोटोवरून कुणाला कड दुरुस्त करता आली नसती.

जाणकारांनी मतं मांडावीत, विरोधी असली तरी.

---

थेट_मुद्दा

असहमत. छंद मंचांच्या जिवावर चालतो, हे गृहीतकच चुकीचं आहे.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. रसेल पोर्टर यांनी १९२० मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, स्प्रिंगफील्ड गावी, कारखान्यातल्या लोकांना जमवून आरसे घासायला शिकवलं. १९२५ मध्ये अल्बर्ट इंगॉल्स यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यावर लिहिलं आणि घरच्या घरी दुर्बीण करणाऱ्यांची लाट उसळली. पोर्टर यांच्या मंडळींचा दुर्बीण करणाऱ्यांसाठीचा 'स्टेलाफेन' मेळावा १९२६ मध्ये सुरू झाला, तो आजही भरतो. संगणकावरचा पहिला सार्वजनिक सूचनाफलक, शिकागोचा सीबीबीएस, आला फेब्रुवारी १९७८ मध्ये. म्हणजे मधली पन्नास वर्षं लोक मंचाशिवाय उत्तम आरसे करत होते.

दुसरं, हात बघितल्याशिवाय हातकाम येत नाही. डब्ल्यू स्ट्रोक (आरसा W अक्षरासारखा नागमोडी फिरवणं) घेताना दाब कुठे द्यायचा, आरसा आणि आपण कसं फिरायचं, हे तीन पानं वाचून जे कळत नाही ते चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत कळतं. तुमच्या तीन आठवड्यांच्या धाग्याचं काम एका व्हिडिओ कॉलवर अर्ध्या तासात झालं असतं. समोरच्या जाणकाराने लॅप बघितला असता आणि म्हणाला असता, पिच मऊ आहे.

तुम्हाला मंच आवडतो, इतपत पटतं. त्याची गरज आहे, हे पटत नाही.

---

दौतटाक

काचकाम यांच्याशी सहमत. व्हिडिओचा मला आलेला अनुभव सांगते.

मी जुनी फाउंटन पेनं दुरुस्त करते. सुरुवातीला एबोनाइटचं एक काळं पेन मिळालं, आत शाई वाळून दगड झालेली. व्हिडिओत एकाने अख्खं पेन रात्रभर पाण्यात बुडवलेलं दाखवलं होतं. मीही बुडवलं. सकाळी टोपणाला हात लावला तर काळ्याचं मातकट तपकिरी झालेलं, चकाकी गेलेली. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्याचा रंग पाण्यात बसून असा उतरतो. व्हिडिओखाली कुणीतरी हे लिहिलंही होतं, पण शेकडो "मस्त!" आणि "खूप छान!" यांच्या ढिगाऱ्यात. मला ते नंतर, मुद्दाम खणल्यावर दिसलं.

पेनांच्या मंचावर हाच सल्ला एकाने दिला होता आणि लगेच खालच्या प्रतिसादात दुसऱ्याने अडवलं होतं: एबोनाइट बुडवू नकोस, निब आणि फीड (निबला शाई पोचवणारा भाग) काढून तेवढंच भिजव, आणि सेल्युलॉइड असेल तर स्पिरिट लावायचा विचारही करू नकोस. चुकीचा सल्ला आणि त्याची दुरुस्ती, एकाखाली एक. वाचणारा दोन्ही वाचल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. क्रम पाळणं ही मंचाची ताकद आहे. सोशल मीडियावर क्रम लाइकच्या हिशोबाने लागतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याला लाइक मिळत नाहीत.

ते टोपण मी फेकलेलं नाही.

---

माजी_संचालक

मी एक छोटा मंच अकरा वर्षं चालवला आणि शेवटी बंद केला. त्यामुळे "मंचावर टिकतं" हे वाक्य मला गप्प बसू देत नाही.

टिकत नाही. २०१७ मध्ये फोटोबकेट या फोटो साठवणाऱ्या साइटने बाहेरच्या साइटवर फोटो दाखवायची फुकट सोय काढून घेतली, आणि जगभरच्या हजारो धाग्यांत फोटोंच्या जागी करड्या चौकटी आल्या. आमचे फोटो वेगळ्या ठिकाणी होते, ते ठिकाणही पुढे बंद पडलंच. काचकाम, तुमचा तो चौथा फोटो कुठे साठवलेला आहे, हे एकदा बघून या. याहू ग्रुप्स हे ईमेलवरचे चर्चागट डिसेंबर २०२० मध्ये कायमचे गेले, त्यांतल्या जुन्या फायली तर त्याच्याही आधी.

उरलेला भार एका माणसावर असतो. सर्व्हरचं भाडं मी भरायचो. रात्री स्पॅम उपटायचो. सॉफ्टवेअर जुनं झालं की अपडेट करायचं आणि अपडेटने काहीतरी मोडलं की सदस्यांचे टोमणे ऐकायचे. आजारी पडलो त्या महिन्यात मंच तीनशे जाहिरातींनी भरून गेला. नवे सदस्य तोवर डिस्कॉर्ड या गटगप्पांच्या अ‍ॅपवर गेले होते, त्यांना दोष देत नाही. एकाही नियमित सदस्याने "मी आठवडाभर बघतो" असं म्हटलं नाही, ते मात्र अजून बोचतं.

मंचाचं कौतुक करणाऱ्यांनी आपला मंच कोण चालवतं आणि त्याचा बॅकअप कुठे आहे, ते आधी विचारावं.

---

काचकाम

@माजी_संचालक, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच जाऊन बघितलं. सातपैकी दोन फोटो गेले आहेत. चौथा शिल्लक आहे. मूळ फोटो माझ्याकडे होते, आज पुन्हा चढवले. तुम्ही म्हणाला नसतात तर कळलंही नसतं.

पण जे मुळात सापडण्यासारखं असतं त्यालाच कुणीतरी वाचवू शकतं, हेही बघा. यूझनेट हे संगणकांवरच्या विषयवार चर्चागटांचं जुनं जाळं १९८० मध्ये सुरू झालं, छंदांसाठीचे 'रेक' गट १९८७ च्या फेररचनेत आले. टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातले संदेश मॅग्नेटिक टेपवर साठवून ठेवले होते. शंभरावर टेप. २००१ मध्ये त्यांतला मजकूर इंटरनेटवर पुन्हा वाचायला मिळाला. एक माणूस हे करू शकला, कारण सगळं उघड्यावर होतं, साध्या मजकुरात. डिस्कॉर्डवरचं बोलणं बाहेरून शोधताच येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आज आलेल्याला गेल्या वर्षीचं काही दिसत नाही. तिथलं वाचवायला कोण येणार?

@थेट_मुद्दा, पोर्टर यांच्या समोर बसायला मिळालं असतं तर मला मंच लागला नसता, हे अगदी खरं. व्हिडिओ कॉलने माझी कड लवकर सुधारली असती, हेही मान्य. पण तो कॉल माझ्यापुरता राहिला असता. दोन वर्षांनी आलेल्या त्या माणसाला पुन्हा तेच विचारायला लागलं असतं, आणि सांगणाऱ्याला पुन्हा तेच सांगायला.

---

नवखी

मी रेडिओवाली आहे, व्हॉल्व्हचे जुने सेट. मला मंचाचा अनुभव वाईट आला, तो इथे कुणी लिहीत नाहीये म्हणून लिहिते.

पहिलाच प्रश्न विचारला: सेट लावला की घुरघुर येते, आवाज कमी केला तरी जात नाही. उत्तर आलं, "आधी शोध घ्या." खाली दोनशे पानी धाग्याची लिंक. घेतला शोध. दोन रात्री वाचत बसले. माझ्यासारखाच प्रश्न सापडलाही, आणि त्याखाली त्याच माणसाचा शेवटचा प्रतिसाद: "प्रश्न सुटला, धन्यवाद!" कसा सुटला ते नाही.

मग एका ग्रुपवर घुरघुर रेकॉर्ड करून टाकली. दहा मिनिटांत एका काकांचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाले, हा १०० हर्ट्झचा आवाज आहे, वीज ५० ची असली की रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणारा भाग) दुप्पट होतो, तेव्हा फिल्टरचे कपॅसिटर वाळलेत, ते बघ. खालच्या सुरात, ५० चा असता तर व्हॉल्व्हच्या हीटरकडून गळती आहे का ते बघायला सांगितलं असतं. बोलणं इतकं प्रेमळ की मला धीर आला. कपॅसिटर बदलले, घुरघुर गेली.

मंचावर मला कुणी वाईट बोललं नाही, पण दार लोटून घेतल्यासारखं वाटलं.

---

दौतटाक

हे खरं आहे आणि यात दोष आमचा आहे. तोच प्रश्न पन्नासाव्यांदा आला की जुना माणूस तुटक होतो. पण विचारणारीची ती पहिलीच वेळ असते. मी आता नुसती लिंक देत नाही. कुठल्या पानावरचा कुठला प्रतिसाद वाचायचा ते सांगते, जमेल तर दोन ओळी स्वतः लिहिते.

---

थेट_मुद्दा

@नवखी यांचा प्रतिसाद म्हणजे माझाच मुद्दा. घुरघुर लिहून कळत नाही, ऐकून कळते.

---

काचकाम

@नवखी, तुमची तक्रार रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे सारवासारव नाही. एकच विचारतो. त्या काकांनी जे सांगितलं, ५० आणि १०० चा फरक, ते मी आज पहिल्यांदा ऐकलं. तो मेसेज अजून सापडतो का?

---

नवखी

बघून आले. माझं रेकॉर्डिंग फोनमध्ये आहे. काकांचा मेसेज नाही, मधे फोन बदलला तेव्हा गेला असावा. ग्रुपवर विचारलं, तर तिथेही कुणाला मिळाला नाही. काका आता त्या ग्रुपमध्ये नाहीत.

मग मला आठवतंय तेवढं सलग लिहूनच ठेवते. सेट बरीच वर्षं बंद होता. लावल्यावर आधी शांत, अर्ध्या मिनिटाने व्हॉल्व्ह तापले की घुरघुर सुरू. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी तेवढीच. सेट बंद करून, कपॅसिटरमधला भार उतरवून, फिल्टरचे दोन्ही इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. व्होल्टेजची क्षमता जुन्याइतकी किंवा जास्त, कमी अजिबात नाही. प्लस-मायनस दोनदा तपासलं. रेकॉर्डिंगही चढवते, आधीचं आणि नंतरचं, दोन्ही.

---

थेट_मुद्दा

एक राहिलं. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज दिलीस ती थेट दिलीस का? इतकी वर्षं बंद असलेल्या सेटला थेट वीज देणं धोक्याचं.

---

नवखी

नाही, सिरीजमध्ये बल्ब लावून दिली. आधी लख्ख पेटला, मग व्हॉल्व्ह तापले तसा मंद होत गेला. तसाच लख्ख राहिला असता तर कुठेतरी शॉर्ट आहे असं समजून लगेच बंद कर, असं काकांनी सांगितलं होतं.

---

थेट_मुद्दा

हे वरच्या प्रतिसादात घाल, खाली कुणी वाचणार नाही. आणि बल्ब किती वॅटचा होता तेही लिही.