डमी पेशंट, सोंग की सराव-रुग्ण?

नर्सिंग ट्यूटर, धंतोली:
आमच्या स्किल लॅबमध्ये मॅनिकिनसोबत, म्हणजे सरावाच्या पुतळ्यासोबत, आता माणसंही येतात. एक जण छातीत दुखणारा पेशंट होतो, एक जण त्याचा चिडलेला मुलगा. आमचीच एक सीनियर सिस्टर ड्यूटीवरची सिस्टर बनते आणि मधेच चुकीचं इंजेक्शन हातात देते, मुली लेबल वाचतात का ते बघायला. या तिघांसाठी मराठीत सूचना लिहायच्या आहेत. सध्या सगळे 'डमी पेशंट' म्हणतात, पण डमी म्हटलं की नवी बॅच मॅनिकिनकडेच वळते. काय लिहू?

निवृत्त प्राध्यापक, हनुमाननगर:
ताई, 'डमी' सोडाच. पेपरात 'डमी उमेदवार' म्हणजे दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसलेला. 'बोगस पेशंट' त्याहून वाईट. कॉलेजच्या तपासणीच्या दिवशी खाटा भरायला आणलेली माणसं, हा अर्थ आपल्याकडे पक्का बसलाय.

इंग्रजीतही नाव एका दमात ठरलेलं नाही. मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एका निरोगी बाईला लक्षणं शिकवून विद्यार्थ्यांपुढे पेशंट म्हणून आणलं. १९६४ च्या त्यांच्या लेखात शब्द आहे 'प्रोग्राम्ड पेशंट'. पुढे 'सिम्युलेटेड' आणि 'स्टँडर्डाइज्ड' ही नावं रुळली. दोन्हींचं लघुरूप एसपी, म्हणून घोळ. सिम्युलेटेड म्हणजे आजार नसताना पेशंट झालेला. स्टँडर्डाइज्डमध्ये जोर सारखेपणावर: प्रत्येक परीक्षार्थीला तोच त्रास, त्याच शब्दांत, आणि विचारल्याशिवाय जास्तीचं काही नाही. नीट शिकवलेला खरा पेशंटही त्यात बसतो. पहिल्या मुलाला 'छातीत दाबल्यासारखं होऊन राहिलं' सांगायचं आणि विसाव्याला 'चमक निघते', तर तो पेशंट ऑस्कीत, म्हणजे टप्प्याटप्प्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, चालणार नाही.

मी 'सराव-रुग्ण' आणि 'सराव-नातेवाईक' लिहीन. सराव परीक्षा, सराव प्रश्नपत्रिका हे शाळेपासून ओळखीचं आहे, समजवावं लागत नाही.

नाटकवाला, महाल:
'सोंग' तर मुळीच नको. आपल्याकडे 'सोंग करून राहिला' हे कामचुकाराला म्हणतात. 'नट'ही नको. झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं, टाळी पडली तिथे प्रवेश लांबतो. यांच्या कामात लांबवायचंच नाही. चिडलेला मुलगा खरोखर कॉलर धरायला लागला तर?

नर्सिंग ट्यूटर:
दादा, तेच तर सूचनेत लिहायचंय, आवाज चढवायचा, हात लावायचा नाही. बरं, स्टँडर्डाइज्डला काय? 'प्रमाणित' म्हटलं की बियाण्याची पिशवी आठवते. 'परीक्षा-रुग्ण' म्हटलं तर लाँग केससाठी, म्हणजे परीक्षेत एकाच पेशंटला सविस्तर तपासायला, वॉर्डातून आणलेला खरा पेशंट वाटेल. 'पढवलेला' चालेल?

वकील, सिव्हिल लाइन्स:
नको. साक्षीदार पढवलेला निघाला की साक्ष गेली.

निवृत्त प्राध्यापक:
मग 'ठरीव सराव-रुग्ण' करा. जरा जड आहे, पण फक्त परीक्षेच्या कागदावर येईल.

खरी अडचण तुमच्या सिस्टरची. इंग्रजीत तिला कॉन्फेडरेट म्हणत, आता 'एम्बेडेड पार्टिसिपंट', म्हणजे प्रसंगात मिसळलेला सहभागी, याकडे कल आहे. जुन्या शब्दाला फसवणुकीचा वास, शिवाय अमेरिकेत यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या 'कॉन्फेडरेट' राज्यांची आठवण. मराठीतले 'साथीदार' आणि 'हस्तक' थेट पोलिसांच्या बातमीतले. 'पेरलेली सिस्टर' चपखल वाटेल, पण ती दरवेळी चकवायला नसते. मुली अडकल्या की रिपोर्ट आणून देते, भलतंच होऊ लागलं की थांबवते. निम्मं काम मदतीचं असताना 'पेरलेली' म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

नर्सिंग ट्यूटर:
शिवाय आधी सांगून टाकलं तर कोण लेबल वाचेल? तिच्या कागदावर 'सराव-सिस्टर' लिहिते, मुलींच्या कागदावर नुसतं 'ड्यूटी सिस्टर'. प्रसंग संपल्यावर चर्चेत ती स्वतःच सांगेल. ती चर्चा घेणाऱ्या मॅडमना 'सूत्रधार' म्हणू का?

नाटकवाला:
म्हणा की. फक्त काचेमागून मॅनिकिनचा आवाज काढणाऱ्या भाऊलाही कोणी सूत्रधार म्हणू नये. त्याला ऑपरेटरच राहू द्या.