ख्रिस्तराजाच्या सणाला चोराची गोष्ट का वाचतात?

डोंबिवलीचा_बाळू:
गेल्या नोव्हेंबरात वसईला एका मित्राकडे गेलो होतो, रविवार होता, तो म्हणाला आधी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जाऊन येऊ मग जेवू. मिस्सा मराठीतच, त्यामुळे सगळं कळत होतं. ख्रिस्तराजाचा सण म्हणून पताका बिताका लावलेल्या, मला वाटलं आता सिंहासन, दरबार असलं काहीतरी वाचतील. तर फादरनी वाचलं काय, येशू क्रुसावर, शिपाई टिंगल करताहेत आणि शेजारच्या क्रुसावरचा चोर म्हणतोय तू राज्यावर आलास की माझी आठवण ठेव! सण राजाचा आणि गोष्ट सुळावर चढवल्याची? आणि सुताराच्या घरातला माणूस राजा झालाच कसा? मित्राला विचारलं तर तो म्हणे पहिल्यापासून असंच आहे, तू मटण घे.

वाडीतली_मावशी:
मित्र अगदी आमच्याकडचाच दिसतोय 😄
अरे तू लूकचं वाचन ऐकलंस. लूक, योहान, मत्तय ही बायबलमधली येशूच्या चरित्राची पुस्तकं. वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं. एका वर्षी योहानाचं, त्यात रोमन सुभेदार पिलात विचारतो तू यहुद्यांचा राजा आहेस का, आणि येशू म्हणतो माझं राज्य या जगातलं नाही. मत्तयचं येतं त्या वर्षी सिंहासन मिळेल तुला, पण त्यावर बसलेला राजा हिशोब कसला मागतो तर मी भुकेला होतो तेव्हा जेवायला दिलंत का, तुरुंगात होतो तेव्हा भेटायला आलात का.
आणि पहिल्यापासून वगैरे काही नाही हं, हा सण १९२५ चा. पोप अकरावे पायस यांनी सुरू केला. पहिल्या महायुद्धात रशियाचा झार गेला, जर्मनीचा कैसर गेला, ऑस्ट्रियाचा बादशहा गेला, आणि इटलीत १९२२ पासून मुसोलिनी. तेव्हा चर्चने सांगितलं की खरा राजा वेगळाच आहे. आधी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा, १९६९ च्या बदलानंतर आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांच्या, आधीच्या रविवारी आला.

जुनी_नाणी:
मावशी, हे ऐकायला छान आहे पण राजेलोकांनी याचा पुरेपूर फायदा उठवला ते पण सांगा की. बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन बादशहा दुसरा जस्टिनियन, सातव्या शतकाच्या शेवटी त्याने सोन्याच्या नाण्यावर चक्क ख्रिस्ताचा चेहरा छापला, भोवती लॅटिनमध्ये 'राज्य करणाऱ्यांचा राजा'. नाणं उलटं केलं की बादशहा स्वतः क्रूस धरून उभा, आणि लिहिलंय 'ख्रिस्ताचा दास'. आपल्याकडे त्रावणकोरच्या मार्तंड वर्माने १७५० मध्ये राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केलं आणि स्वतः पद्मनाभदास झाला, त्याच जातीचं. म्हणायचं दास, पण दासाशी भांडलं की देवाशी भांडल्यासारखं, कोण बोलणार? तरी या जस्टिनियनला लोकांनी ६९५ मध्ये नाक कापून हाकललाच, आणि दहा वर्षांनी गडी तसाच परत येऊन गादीवर बसला.

वाडीतली_मावशी:
नाकाचं माहीत नव्हतं बाई! पण हे दुधारी आहे. मेक्सिकोत १९२६ ते २९ सरकारने चर्चवर निर्बंध आणले तेव्हा 'ख्रिस्तराजा चिरायू होवो' म्हणत बंदुका घेऊन उठले ते खेड्यातले शेतकरी होते, राजे नव्हेत.

नगरचा_मास्तर:
मूळ बायबलच्या पहिल्या भागात, जुन्या करारात बघा, पहिलं शमुवेल अध्याय ८. इस्राएलचे लोक शमुवेल संदेष्ट्याकडे येतात, आम्हाला पण इतरांसारखा राजा दे. देव म्हणतो त्यांनी तुला नाही, मला नाकारलंय, त्यांचा राजा मीच होतो. मग शमुवेल यादीच वाचतो, राजा तुमची पोरं रथापुढे पळवील, पोरींना स्वयंपाकाला लावील, चांगले मळे काढून घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. तरी लोक म्हणतात राजा पाहिजेच. येशूचं राजेपण याच्यावर ठेवून वाचा मग चोराची गोष्ट पटते. भाकरी वाटल्यावर लोक त्याला जबरदस्तीने राजा करायला निघाले तेव्हा हा डोंगरावर निघून गेला, योहान ६. आणि राजा म्हणून पाटी लागली ती शेवटी क्रुसावर, पिलाताने लावलेली, हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक तिन्ही भाषांत. याजक म्हणाले 'मी राजा आहे असं हा म्हणाला' असं लिहा, पिलात म्हणाला लिहिलं ते लिहिलं. क्रुसावर आय एन आर आय अक्षरं असतात ती त्याच पाटीची, लॅटिनमधलं 'नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा'.

डोंबिवलीचा_बाळू:
अहो मास्तर, मित्राच्या गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे त्यावर ती अक्षरं आहेत, मी इतकी वर्षं समजत होतो की ज्याने क्रूस बांधला त्याच्या नावाचा शॉर्टफॉर्म आहे 🙈