डान्झिगमध्ये शॉन लेस्टर ताठ राहिले, ते बरोबर होतं का?

विहंग

शॉन लेस्टर मूळचे पत्रकार. १९२३ मध्ये आयर्लंडच्या परराष्ट्र खात्यात आले, १९२९ पासून जिनिव्हात जुन्या राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) देशाचे कायम प्रतिनिधी, आणि १९३४ च्या सुरुवातीला डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क, तेव्हा जर्मनी आणि पोलंडच्या मधलं, राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखालचं स्वतंत्र शहर) राष्ट्रसंघाचे हाय कमिशनर, म्हणजे तिथले प्रतिनिधी. तीन वर्षांत त्यांना तिथून हलवलं गेलं, म्हणून ते अपयशी ठरले असं सर्रास लिहिलं जातं. मला ते मान्य नाही.

त्यांच्या हातात काय होतं ते आधी बघा. फौज नाही, पोलीस नाही. डान्झिगची घटना राष्ट्रसंघाच्या हमीखाली होती, एवढाच आधार. विरोधी पक्षांचा अर्ज आला की तो राष्ट्रसंघाच्या कौन्सिलपुढे (निवडक देशांचं कार्यकारी मंडळ) पाठवायचा, हे एकमेव हत्यार. ते त्यांनी नेमकं वापरलं. ऑगस्ट १९३५ मध्ये नाझी सेनेटने, म्हणजे शहराच्या सरकारने, हुकूम काढले: कायद्यात गुन्हा म्हणून नसलेलं कृत्यही 'निकोप लोकभावने'ला शिक्षेलायक वाटलं तर शिक्षा करता येईल. सप्टेंबरमध्ये विरोधकांचा अर्ज आला, लेस्टरनी तो पुढे धाडला, त्याच महिन्यात कौन्सिलने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मागितलं, आणि ४ डिसेंबर १९३५ ला न्यायालयाने सांगितलं की हे हुकूम घटनेशी विसंगत आहेत. फक्त कागदाच्या बळावर एवढं झालं. वरच्यांनी साथ सोडली, हा त्यांचा दोष कसा?

मृणाल_द

न्यायालयाच्या मताबद्दल वाद नाही. पण राजदूत असो की कमिशनर, समोरच्या सरकारशी बोलण्याची वाट उघडी ठेवणं हे त्याचं पहिलं काम. ती वाट १९३६ मध्ये बंद झाली.

जूनमध्ये जर्मन क्रूझर 'लाइपझिग' बंदरात आली आणि तिच्या कप्तानाने हाय कमिशनरची रिवाजाची भेट टाळली. प्रकरण जिनिव्हाला गेलं. ४ जुलैला सेनेटचा अध्यक्ष ग्रायझर कौन्सिलपुढे उर्मटपणे बोलला आणि जाताना पत्रकारांना नाकाला अंगठा लावून वेडावून गेला. पुढे काय झालं? ऑक्टोबरमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी. भेटीगाठींच्या रिवाजावर हत्यार खर्ची पडलं आणि पक्षबंदीच्या वेळी हात रिकामे राहिले.

खरी संधी त्याआधी येऊन गेली होती. २ मे १९३५ ला डान्झिगच्या गुल्डन या चलनाचं सुमारे ४२ टक्के अवमूल्यन झालं. सेनेट पैशाच्या अडचणीत होती. दबाव आणायचा तर तेव्हा, तोही वॉर्साला सोबत घेऊन. जानेवारी १९३४ च्या अनाक्रमण करारानंतर पोलंडला बर्लिनशी बिघडवायचं नव्हतं, त्यामुळे वॉर्साला आधी राजी करणं हेच मुख्य काम होतं.

विहंग

मृणालताई, 'लाइपझिग'ची भेट हा नुसता रिवाज नव्हता. युद्धनौकेचा कप्तान हाय कमिशनरकडे जातो म्हणजे हे शहर राष्ट्रसंघाच्या हमीखाली आहे हे तो मान्य करतो. हे निमूट सोडलं असतं तर पुढच्या प्रत्येक जहाजाने तेच केलं असतं.

आणि ती तारीख बघा. त्याच ४ जुलैला राष्ट्रसंघाच्या असेंब्लीने (सगळ्या सदस्य देशांची सभा) अबिसीनियावरच्या (आजचा इथिओपिया) हल्ल्याबद्दल इटलीवर घातलेले निर्बंध उठवण्याची शिफारस केली. अबिसीनिया सोडून देणारी मंडळी डान्झिगसाठी उभी राहणार नाहीत, हे ग्रायझरला ठाऊक होतं. जगातला कितीही मुरब्बी मुत्सद्दी तिथे असता तरी फरक पडला नसता.

एप्रिल १९३५ ची निवडणूकही विसरू नका. ७२ पैकी ४३ जागा नाझींना. घटना बदलायला दोन तृतीयांश, म्हणजे ४८ हव्या होत्या. विरोधक तोवर उघडपणे लढत होते, कारण आपली तक्रार वरपर्यंत नेणारा कोणी शहरात बसलाय याचा त्यांना भरवसा होता.

जुना दप्तरी

दोघेही डान्झिगमध्येच अडकलात. लेटिसियाचं प्रकरण घ्या. १९३२ मध्ये पेरूच्या सशस्त्र लोकांनी कोलंबियाचं हे ॲमेझॉनकाठचं गाव बळकावलं. कौन्सिलच्या तीन जणांच्या समितीचे अध्यक्ष लेस्टरच होते. तोडगा असा: राष्ट्रसंघाच्या आयोगाने गाव एक वर्ष ताब्यात घ्यायचं, बंदोबस्ताला सैनिक कोलंबियाचेच पण राष्ट्रसंघाच्या झेंड्याखाली, मग गाव कोलंबियाला परत. जून १९३४ मध्ये ते तसंच पार पडलं. माणूस तोच, चिकाटी तीच. फरक हा की तिथे दोन्ही सरकारांना अब्रू राखून बाहेर पडायचं होतं. डान्झिगच्या नाझींना बाहेर पडायचंच नव्हतं.

माझ्या मते त्यांचं मोठं काम १९४० नंतरचं. सरचिटणीस आव्हनोल गेले आणि लेस्टर कार्यवाहक झाले. जिनिव्हात सुमारे शंभर माणसं उरलेली, चहूबाजूंनी अक्षराष्ट्रांचा वेढा. अर्थविभाग प्रिन्स्टनला, खजिना लंडनला. ही तुटलेली यंत्रणा त्यांनी सहा वर्षं जिवंत ठेवली.

मृणाल_द

लेटिसियाचा मुद्दा मान्य. पण तो माझ्याच बाजूचा आहे: दोन्ही सरकारांना पटेल असा तोडगा आधी, झेंडा नंतर.

१९४० नंतरच्या कामाबद्दल आदर आहे, तरी मर्यादाही सांगायला हवी. १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत त्यांची फार उपेक्षा झाली. आयर्लंड युद्धात तटस्थ राहिला होता, आणि तटस्थ देशाचा माणूस सोव्हिएत संघाला खपत नव्हता.

जुना दप्तरी

उपेक्षा झाली हे खरं. तरी राष्ट्रसंघाची जिनिव्हातली महालासारखी मुख्यालयाची इमारत, ग्रंथालय, अफू नियंत्रणाचं काम हे सगळं संयुक्त राष्ट्रांकडे सोपवलं गेलं. एप्रिल १९४६ च्या शेवटच्या असेंब्लीने त्यांना १९४० पासूनच्या तारखेने सरचिटणीस ठरवलं. हे सगळं सोपवता आलं, कारण १९४० मध्ये ते जिनिव्हा सोडून गेले नाहीत.