माणिक चौकातली तुमची आठवण सांगा

सुरुवात माझ्यापासून. नंदुरबारला मामाकडे गेलो की मामा बाजारातून चालवत चौकात न्यायचा आणि हुतात्मा स्मारकापुढे चपला काढायला लावायचा. मागून हातगाडीवाला ओरडतोय, ऊन पायाला चटके देतंय, आणि मामा सांगतोय: 9 सप्टेंबर 1942, इंग्रजांविरुद्धच्या मिरवणुकीवर इथेच पोलिसांचा गोळीबार, त्यात गेलेला शिरीषकुमार मेहता, वय वर्षं 15. मी तेव्हा 14 चा. चटके विसरायचो. आता तुम्ही लिहा, खरेदीचं असलं तरी चालेल.

शहाद्याहून: आम्ही तर खरेदीलाच जायचो, लग्नाचा बस्ता बांधायला. आजीला पाचही हुतात्म्यांची नावं पाठ. शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. चौक आला की हात जोडून पुटपुटायची आणि पुढच्याच पावलाला लुगड्याच्या भावावरून दुकानदाराला घाम फोडायची.

मूळ नंदुरबार, सध्या पुणे: त्या मिरवणुकीत 'नहीं नमशे, नहीं नमशे' (झुकणार नाही) अशी गुजराती घोषणा होती, हे इकडे सांगितलं की लोक चकित होतात. आमच्याकडे त्याचं काय नवल? घरात गुजराती, शाळेत मराठी, गल्लीत अहिराणी. उधारी मागताना दुकानदार कोणती भाषा काढतो, त्यावरून तो किती चिडलाय ते कळायचं!

साक्रीहून: मला आठवतो तो ठसका. गावाबाहेरच्या पथारींवर लालभडक मिरची वाळत पडलेली, एसटीच्या खिडकीतूनच डोळ्यांना पाणी. एकदा बाजारातून वर्षाची मिरची घेतली. वरचा थर झकास, खाली निम्मी ओलसर. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण महिन्याभरात बुरशी आली हो!

धुळ्याहून: कॉलेजात असताना चौकात फोटो काढत होतो. एक म्हातारेबाबा जवळ आले, काठी टेकवली. "आठेज गोयी लागनी व्हती, पोरा." म्हणजे इथंच गोळी लागली होती. पोलिसांनी मुलींवर बंदूक रोखली तेव्हा पोरगा मध्ये आला, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं. मी कॅमेरा बंद केला. चहा त्यांनीच पाजला, पैसे देऊ दिले नाहीत.

पुन्हा शहादा: साक्रीवाल्या ताई, पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची काढायची. मोडताना कट्‌कन आवाज आला तरच घ्यायची. आजीने तर अख्खं पोतंच ओतायला लावलं असतं.