मदत हवी आहे: बाईकची विंडशील्ड (पुढची वारा अडवणारी काच) उंच घ्यावी की बुटकी?

मंडळी, रोज म्हापसा ते वेर्णा ३५० सीसी बाईकने जातो, मांडवी आणि झुआरीच्या पुलावर वारा नुसता छातीत घुसतो म्हणून गेल्या महिन्यात उंच विंडशील्ड बसवली, तर छातीला आराम पण आता हेल्मेट गदागदा हलतं नि कानात ढोल. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा राहिलो की एकदम शांत, म्हणजे काचेवरून उसळलेली हवा बरोबर डोक्यावर आदळतेय ना? माझी उंची ५ फूट ८. बुटकी घेऊ, की आहे तिच्यावरच क्लिपवाला डिफ्लेक्टर (काचेच्या वरच्या कडेला लावायची, हवा वळवणारी छोटी पट्टी) लावू? काचेखाली फट ठेवून कुणी बघितलंय का? आणखी उंच नको, पावसात रात्री काचेतून बघत घरी येणं म्हणजे सगळं अंदाजपंचे! (आधीच पैसे गेलेत, बायकोला खरा आकडा अजून सांगितला नाहीये.)