नवीन पोरांना कॉमेडी स्केचचं प्रॉडक्शन कसं शिकवायचं?

अंबाजोगाईकर:
नमस्कार मंडळी, आमचा छोटा ग्रुप हाय, दोन-तीन मिनिटांचे कॉमेडी स्केच करतो, सोयाबीनचा भाव, लग्नाची बोलणी, असलेच विषय. आता कॉलेजची पोरं प्रॉडक्शन शिकायला यायलेत. हुशार हायेत, मोबाईलवर एडिटिंग फटाफट करतात, पण शूटच्या दिवशी कुणी कपडे विसरतंय, टपरीवाल्याला कुणी विचारलेलंच नसतंय, अन् ऊन डोक्यावर आल्यावर हे स्क्रिप्ट बदलायला बसतात. मी मधी पडलो की काम होतंय पण पोरं शिकत न्हाईत. सुरुवात कुठून करावी?

लातूरकडचा:
दादा मधी पडूच नका. एक मिनिटाचं स्केच, दोन पात्रं, एक जागा, अन् पूर्ण एकाच पोराच्या हातात द्या. परवानगी, जेवण, कोण किती वाजता येणार, सगळं त्यानंच बघायचं. फक्त आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून स्क्रिप्ट मोठ्यानं वाचून घ्या, टायमर लावून. जिथं वाचताना कुणी हसत नाही ते तिथंच कापायचं. युट्यूब शॉर्ट्सला ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटं चालतात म्हणून पोरं लांबवत बसतात, पण पंच पडला की संपवायचं, हे वाचनात कळलं तर फायदा, एडिटला बसल्यावर कळून काय करता?

परभणीचा साउंडवाला:
हे बरोबरय, पण आवाज रेकॉर्ड करायचं काम नव्या पोराकडंच द्या असं माझं मत हाय. आपल्या बोलीतली मजा हेलात असती, तो हेलच नीट ऐकू आला नाही तर कोण हसणार! पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, फ्रेमच्या बाहेर वाकळ टांगा, खाली सतरंजी, कूलर बंद. कॉलर माईक शर्टाच्या आत घातला की कापडाची खरखर येती. अन् प्रत्येक जागी अर्धा मिनिट सगळ्यांना गप बसवून नुसता तिथला आवाज घ्यायचा, एडिटमधी दोन कट जोडायला लागतोच. मोठ्या कलाकारांना 'गप बसा' म्हणायची हिंमत त्या पोरात तिथंच येती.
ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकत असंल तर आपली वीज ५० हर्ट्झची, कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० नाहीतर १/१०० सेकंदावर लॉक करा.

अंबाजोगाईकर:
वाचनाचं लगेच करतो. पण पोरगं चुकलं अन् दिवस वाया गेला तर? आमचा एक कलाकार कंडक्टर हाय, ड्युटी बदलून येतो बिचारा.

लातूरकडचा:
मग त्याचे सीन सकाळी आधी उरकून त्याला मोकळं करायचं. शेड्यूल पोरालाच लिहू द्या, शूट स्क्रिप्टच्या क्रमानं करायचं नसतं हे आपोआप कळतंय.

नांदेडची ताई:
भाऊ, शिकणाऱ्यात पोरी हायेत का? असतील तर त्यांना नुसतं मेकअप अन् कपड्यावर ठेवू नका, पूर्ण स्केच द्या. घरच्यांशी आधी स्वतः जाऊन बोला, गावाकडची शेवटची एसटी कितीला ते विचारून त्याच्या आत पॅकअप करा. अन् टपरीवाल्याला विचारताना स्केच कशावर हाय ते खरं सांगायला शिकवा, त्याचा बोर्ड दिसणार असतो, उद्या गावात त्यालाच लोक बोलतात.